दोरी ओढलेली होती

ती घटना अजून माझ्या मानगुटीवरून उतरलेली नाही. नोकरीत मी इतकी प्रेतं पाहिली, की उद्या यमाच्या दारात गेलो तर तिथले शिपाई ओळखीचं हसून मला बिनापास आत सोडतील. माझी बदली झाली असं नुसतं ऐकून श्रीरामपूरच्या फलाटावरचे पाकीटमार उलट दिशेच्या गाडीत चढत, असं आमचे हवालदार सांगायचे. मी फक्त दुजोरा द्यायचो. पण या गुन्ह्यात ना पाकीटमार होता, ना दरोडेखोर, ना पिस्तूल. होता एक साखर कारखाना, एक ओढलेली दोरी आणि एका बाईचा एकच प्रश्न.

नावं कोणाचीच लिहिणार नाही. कोपरगाव ते श्रीरामपूर या पट्ट्यात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या धुराड्याला लागतो. त्यातलाच एक समजा.

गळीत हंगाम ऐन भरात होता. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग एवढी लांब, की शेवटच्या ट्रॅक्टरवाल्याच्या उसाला वाट पाहूनच गूळ सुटावा. दुपारी चहा घेत होतो. ठाणे अंमलदाराने फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "साहेब, गव्हाणीत माणूस गेला."

गव्हाण म्हणजे कारखान्याचं तोंड. खोल लोखंडी हौद, तळाशी सरकता पट्टा. वरून उसाच्या मोळ्या पडतात, पट्टा त्या पात्यांकडे नेतो, तिथून पुढे रस निघतो. ऊस अडकला की एकजण खाली उतरून हुकाने मोकळा करतो. तसाच एकजण उतरला होता आणि थांबलेला पट्टा सुरू झाला. पुढचं वर्णन मी पंचनाम्यात एकदा लिहिलं आहे. पुन्हा लिहिणार नाही.

स्टेशन डायरीला नोंद घेतली, दोन पंच बोलावले, घटनास्थळाचा पंचनामा सुरू केला. गव्हाणीच्या कडेने एक तांबडी दोरी जाते. खाली उतरणाऱ्याने ती ओढायची असते. ओढली की पट्टा थांबतो, आणि ती पुन्हा जागेवर बसवेपर्यंत कोणी कितीही बटणं दाबली तरी हलत नाही. हवालदार वाकून बघत होते. म्हणाले, "साहेब, दोरी ओढलेली आहे."

"नीट बघा."

"मी काय आंधळा आहे का साहेब? खाली लोंबतीये. तो ओढूनच उतरलाय."

ओढलेली दोरी, आणि तरी पट्टा चालला. पंचनाम्यात मी ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

गव्हाणीच्या वर काचेची केबिन. तिथे एक ऑपरेटर बसतो, समोर संगणकाचा पडदा, पडद्यावर पट्टा सुरू-बंद करायची बटणं. त्या पाळीचा ऑपरेटर जमिनीवर बसला होता, ओठ पांढरे. मी विचारलं, "पट्टा कोणी चालू केला?"

"मी न्हाई केला."

"मग कोणी?"

"मी न्हाई केला, सायेब."

एवढंच बोलायचा. मी आयुष्यात दगडाला बोलतं केलेलं आहे, आणि नुसतं बोलतंच नाही, त्याच्याकडून दोन साथीदारांची नावंही काढली आहेत. पण हा माणूस त्या वाक्याच्या पुढे सरकेना. काहीतरी गिळून बसलेला माणूस मला लांबूनही कळतो. त्याच्या गळ्याचा मणी सारखा खालीवर होत असतो.

तासाभरात कारखान्यात कुजबुज पसरली आणि ती माझ्या कानापर्यंत व्यवस्थित पोचवली गेली. मेलेला माणूस या ऑपरेटरचा सख्खा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. बहिणीने बापाच्या जमिनीवरचा हक्क भावासाठी सोडून दिला होता, हक्कसोड पत्रावर अंगठाही नाही, चांगली सही करून. नवऱ्याला ते खपलं नव्हतं. मेहुण्याच्या पोराच्या जावळाच्या जेवणात, भर पंगतीत हा उठून म्हणाला होता, "बघून घेईन." नगर जिल्ह्यात 'बघून घेईन' म्हणणाऱ्या प्रत्येकाला अटक करायची तर तुरुंग बांधायला सगळा जिल्हा अपुरा पडेल. पण म्हटल्यानंतर माणूस मेला, तेही म्हणणाऱ्याच्या बटणाखाली, तर काय करायचं? मृताच्या बापाने फिर्याद दिली, जावयाने पोराला मारलं. मी खुनाचं कलम लावून ऑपरेटरला अटक केली. कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको ठाण्यात आली. म्हणजे मेलेल्याची बहीण. बाकावर बसली. पदर डोक्यावर, डोळे कोरडे. रडणाऱ्या बाईला काय सांगायचं ते पोलिसाला पाठ असतं; कोरड्या डोळ्यांच्या बाईसमोर शब्द आठवत नाहीत.

"ताई, पाणी घ्या."

"पानी नगं. माझं एकच इचारनं हाय सायेब."

"विचारा."

"पट्टा त्येंनी चालू केला का न्हाई, एवढं मला दहाव्याच्या आदी सांगा. बाप म्हनतो, जावई घाटावर आला तर मी पिंड ठिवनार न्हाई. आई म्हनती, तुझं तू ठरीव, भाऊ का नवरा."

"ताई, ते कोर्ट ठरवेल. सोडायचं की..."

"कोर्टानं सोडायचं का न्हाई, ते कोर्टाचं. मी सोडायचं का न्हाई, ते माझं."

हवालदारांनी हातातला कागद उगाच उलटा केला. मी म्हणालो, "दहाव्याच्या आधी सांगतो." शब्द तोंडातून निघून गेल्यावर कळलं, की अख्ख्या नोकरीत हमी म्हणून मी दिलेला हा पहिलाच शब्द.

आता मुद्द्याचं. हल्लीच्या कारखान्यात प्रत्येक बटणाची नोंद राहते. कोणी दाबलं, कुठून दाबलं, कधी दाबलं. या नोंदींना तिथे लॉग म्हणतात. आमची स्टेशन डायरी असते तशीच, फरक इतकाच की ती जांभया देत नाही. मी ऑपरेटरच्या केबिनमधला संगणक उघडायला लावला. त्या दुपारची डायरी कोरी. सकाळचं होतं, आदल्या दिवशीचं होतं, नेमकी ती दुपार पुसलेली.

"ऑपरेटरनेच पुसलं असणार," चीफ इंजिनिअर म्हणाले. चाळिशीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, बोलणं असं की वाक्य संपलं की आपण टाळी वाजवावी. "दुर्दैवी आहे. घरचे वाद कामावर आणू नयेत."

लॉग एकाच ठिकाणी राहत नाही, हे मला कारखान्याच्या संगणक विभागाच्या प्रमुखांनी सांगितलं. हे प्रमुख म्हणजे एक वल्ली. निवृत्तीला आलेले, कपाळाला गंध, आणि सगळी हयात कचेरीत गेल्यामुळे कुठलाही कागद एकट्याने बाहेर जाऊ द्यायचा नाही हे त्यांचं व्रत. मी समोर बसलो असताना त्यांनी पंखा दुरुस्तीचा एक अर्ज सांगितला आणि खाली पाच जणांना 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' असं लिहायला लावलं. पंखा एक, प्रती पाच.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, तुम्ही लग्नात उखाणा घेतला तेव्हा प्रत कोणाकोणाला गेली होती?"

"चेष्टा करू नका साहेब. प्रत नसली की माणूस लटकतो," ते गंभीरपणे म्हणाले आणि पडद्यावर मला एक पान उघडून दाखवलं.

हे पान म्हणजे नोंदी पुढे धाडायची सोय. केबिनमधला संगणक आपल्या नोंदी दूरच्या दुसऱ्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे पाठवतो. इथला जळला, फुटला तरी तिथे राहावं म्हणून. आणि कसं पाठवायचं ते ठरवायला पानावर खुंट्या असतात. कुठल्या पत्त्यावर पाठवायचं. किती पाठवायचं, फक्त गंभीर का सर्व. केव्हा पाठवायचं, जसं घडेल तसं लगेच, का तासाभराचा गठ्ठा बांधून. आणि एक खुंटी, पाठवणं चालू किंवा बंद. ज्याच्याकडे पासवर्ड, त्याने फिरवायच्या.

"आणि हा कारखान्याच्या कचेरीतला सर्व्हर," प्रमुख म्हणाले. "इकडे फक्त गंभीर नोंदी येतात, तासाला एक गठ्ठा. पण त्या तासाचा गठ्ठा आलेलाच नाही. पाठवणं बंद केलेलं दिसतंय. सुरूही पुन्हा चीफसाहेबांनी सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी केलं."

"बंद कोणी केलं?"

"त्याची नोंद गठ्ठ्यात असणार."

"आणि गठ्ठा?"

"आलाच नाही ना साहेब."

चोराने चोरीची फिर्याद लिहिलेला कागदच चोरून न्यावा, तसा प्रकार. चीफ इंजिनिअरांना विचारलं तर म्हणाले, वीज खालीवर झाली, सर्व्हरशी संपर्क तुटला, होतं असं.

ती बाई रोज येत होती. बाकावर बसायची, माझ्याकडे बघायची, मी मान हलवली की उठून जायची. आतल्या कोठडीत नवरा होता. त्याला भेटू का असं तिने एकदाही विचारलं नाही. तोही तिच्याबद्दल विचारत नव्हता. दोघांच्या मधे एक भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना इतकी शांतता, की ठाण्यातले गाडीचोरसुद्धा हळू बोलायला लागले.

एका सकाळी जीपमधून कारखान्याकडे निघालो होतो. माझी चिडचिड चालू होती. हवालदार माझं मन रमवायला म्हणाले, "साहेब, तुमच्या या संगणकावरून आठवलं. तो कॉलेजचा मास्तर आला होता ना मागे? आपल्याला हॅक केलंय म्हणून?"

"कुठला मास्तर?"

"कारखान्याच्याच संस्थेचं कॉलेज नाही का, बेलापूर रोडला. तिथल्या संगणक वर्गाचा. म्हणे, आमच्या एका मशीनमध्ये रात्रंदिवस कोणीतरी काहीतरी ओततंय, डिस्क भरून वाहायला लागली. मी म्हटलं, गुरुजी, खाली बादली लावा."

"काय ओततंय म्हणाला?"

"काही बी. पट्टा सुरू, पट्टा बंद, ऊस कमी, ऊस जास्त. मी म्हटलं, जुगारवाल्यांची सांकेतिक भाषा असेल, आणि लावलं वाटेला. साहेब? गाडी का थांबवली?"

मी जीप थांबवली नव्हती, तिला उभं केलं होतं. मागच्या उसाच्या बैलगाडीचे बैल आमच्या टपावर मान ठेवून थांबले. डोळ्यासमोर पंख्याचा अर्ज आला. पाच प्रती.

कारखान्यात प्रमुखांच्या टेबलावर हात आपटून विचारलं, "भाऊसाहेब, ते पान उघडा. नोंदींची प्रत कोणाला जाते?"

"प्रत?" ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं गंध हललं. पान उघडलं. पहिल्या पत्त्याच्या चौकटीखाली, पान सरकवत सरकवत तळाशी नेलं तर तिथे दुसरी चौकट. दुसरा पत्ता. पाठवणं चालू. किती? सर्व. केव्हा? लगेच.

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने विचारलं होतं, दुसरा पत्ता ऐच्छिक आहे, रिकामा ठेवू का? आणि प्रमुखांच्या अंगावर काटा आला होता. रिकामा? मग प्रत कुठे जाणार? कॉलेजच्या संगणक वर्गाची देखरेखही त्यांच्याकडेच होती. त्यांनी तिथला पत्ता घालून टाकला, आणि माहितीस्तव म्हणजे सर्व माहितीस्तव, म्हणून खुंट्या सगळ्या टोकाला फिरवल्या. पुढे विसरून गेले. ज्याने त्या दुपारी पाठवणं बंद केलं, त्याने पहिली चौकट बंद केली. तळाशी प्रत असते, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"साहेब, माझ्यावर काही येईल का?" प्रमुख म्हणाले. "मंजुरी घेतली नव्हती."

"प्रत नसली की माणूस लटकतो म्हणालात ना? आता कोण लटकतंय ते बघू."

कॉलेजची ती डिस्क पंचांसमक्ष जप्त केली, सीलबंद केली, नगरच्या सायबर शाखेकडून तिची प्रत काढून घेतली, लागणारं प्रमाणपत्र जोडलं. त्या दुपारच्या ओळी छापून समोर ठेवल्या. पट्टा बंद: ऑपरेटरची केबिन. थोड्या वेळाने पट्टा सुरू: चीफ इंजिनिअरांची केबिन. त्यानंतर पहिल्या पत्त्याकडे पाठवणं बंद, आणि दुपारच्या नोंदी पुसल्या: चीफ इंजिनिअरांची केबिन. पडद्यावरची तीच बटणं त्यांच्याही टेबलावर होती; हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये. तो उत्तर घडवून देतो. त्याच्यासमोर त्याच्या विषयातलं चुकीचं बोलावं. ते त्याला सहन होत नाही. मी इंजिनिअरांना ठाण्यात बोलावलं, चहा सांगितला आणि सुरुवात केली.

"साहेब, गुन्हा उलगडला! आमचे तज्ज्ञ म्हणतात, नेवाशाच्या रस्त्याला एक टपरी आहे, तिथे बसून कोणीतरी मोबाईल आभाळाकडे धरला, उपग्रहातून तुमच्या यंत्रात शिरला आणि नोंदी पाठवणं बंद केलं. चीनचा हात आहे म्हणतात."

ते हसले. "इन्स्पेक्टरसाहेब, उपग्रह कुठून आणला? त्या सेटिंगला बाहेरून हातच लागत नाही."

"मग ऑपरेटरने केबिनमधून केलं."

"ऑपरेटरला ते पान उघडतच नाही. त्याला पट्टा आणि दोरी, एवढंच दिसतं."

"मग कोणाला उघडतं?"

त्यांनी कप उचलला होता. तो तसाच राहिला. चहावर साय धरेपर्यंत आम्ही दोघं त्या कपाकडे बघत होतो. मग मी छापलेला कागद पुढे सरकवला.

इस्त्रीच्या शर्टातला माणूस हळूहळू चुरगळत गेला. "मिल रिकामी फिरत होती," ते म्हणाले. "वरून सारखे फोन. मागच्या हंगामाचा उच्चांक मोडायचा होता. मला वाटलं, ऑपरेटर डुलकी घेतोय. मी माझ्या टेबलावरून सुरू केला. साहेब, आईची शपथ, पडद्यावर हिरवं होतं. दोरी ओढली असती तर लाल दिसलं असतं. पट्टा हललाच नसता."

"दोरी ओढलेली होती."

"मग हिरवं कसं?"

"आणि घरचे वाद कामावर आणल्याची कुजबुज?"

त्यांनी मान खाली घातली. "मीच एकाला बोललो होतो."

हिरवं कसं, हा प्रश्न मात्र खोटा नव्हता. मी तो छापील गठ्ठा पाळीच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचायला घेतला. गंभीर नोंदींत ती ओळ आलीच नसती. प्रमुखांनी 'सर्व' लावलं होतं म्हणून आली. पाळी सुरू होताना: दोरीकडे दुर्लक्ष, चालू. ऑपरेटरची केबिन. म्हणजे दोरी कितीही ओढली तरी पडद्यावर हिरवंच.

मी तो कागद घेऊन कोठडीपाशी गेलो. त्याने तो वाचला नाही. नुसतं बघूनच त्याला कळलं.

"पाचट पडलं तरी दोरी वढली जायची, सायेब. पट्टा थांबला का शिव्या. म्हनून समदेच पाळीला दोरी बंद ठिवायचे. उतरनाऱ्याला सांगायचं, दोरी बंद हाय, हात केल्याबिगर उतरू नगं. त्यानं हात केला. मी पट्टा थांबवला. मग बटनाला शिवलो बी न्हाई."

"दोरी बंद आहे, हे मेहुण्याला सांगितलं होतं?"

त्याच्या गळ्याचा मणी वर गेला आणि तिथेच थांबला.

"जावळापासून बोलनं बंद हुतं आमचं. नुसतं हात करायचो येकमेकाला."

म्हणजे त्या माणसाने नियमाप्रमाणे दोरी ओढली, आणि आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत उतरला. दोरी मेलेली आहे हे ठाऊक असणारा माणूस वर काचेत बसून त्याच्याकडे बघत होता आणि रुसलेला होता.

"इतके दिवस हे का बोलला नाहीस? खुनाचं कलम घेऊन बसलास?"

"जितं सांगायचं तितं सांगितलंय, सायेब."

त्याच्या गळ्यात खंडोबाचा टाक होता. मला वाटलं, देवाला सांगितलं म्हणतोय.

खुनाचं कलम कमी केल्याचा अहवाल कोर्टाला दिला. इंजिनिअरांवर निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा नष्ट करणं. ऑपरेटरही निष्काळजीपणात सहआरोपी. त्याचा जामीन झाला. दहावा दुसऱ्या दिवशी होता. बाई बाकावर येऊन बसली होती.

हवालदार मला आत बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, एक सांगू? तिला इंजिनिअरचंच सांगा. पट्टा नवऱ्याने चालू केला नाही. तिनं तेवढंच विचारलंय, आणि ते खरंच आहे. दोरीचं कोर्टात कळेल तेव्हा कळेल. तोवर संसार सावरेल बिचारीचा."

"आणि माझ्याकडून ही अपेक्षा?"

"तुम्ही तर एका भुरट्याची टोळी करून सांगता. आज उलट करायचंय. टोळीचा भुरटा करा."

त्यांचं खोटं नव्हतं. खुंटी माझ्याच हातात होती. फक्त गंभीर पाठवायचं, का सर्व. बाहेर आलो, तिच्यासमोर बसलो. तिचे पाय चप्पल काढून फरशीवर ठेवलेले होते, टाचांना भेगा, त्यात कारखान्याच्या रस्त्याची काळी राख. मी सगळं सांगितलं. बटण इंजिनिअरने दाबलं. दोरी तुमच्या नवऱ्याने बंद ठेवली होती. तुमच्या भावाने ती ओढली होती. त्याला ती बंद असल्याचं सांगितलं गेलं नव्हतं, कारण बोलणं बंद होतं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग पदराने डोळे पुसले. पहिल्यांदाच ओले झालेले मी पाहिले.

"दोरीचं त्येंनी मला त्याच दिशी दवाखान्यात सांगितलं हुतं," ती म्हणाली. "अबोल्याचं बी."

मी मागे रेललो. "मग रोज इथं का येत होतात?"

"त्येंनी दोरीचं कबूल केलं म्हंजे बटनाचं बी खरंच सांगत असतील, असं वाटायचं. पर सायेब, नवऱ्याचं बायकोला खरंच वाटतं. म्हनून तुमच्या मशिनीकडनं ऐकायचं हुतं. आन् तुमी आज दोरीचं झाकलं असतं, तर मी समजले असते, बटनाचं बी माझ्या समाधानासाठी सांगत्यात. मग मी कुनाचंच ऐकलं नसतं."

हवालदार दारात उभे होते. ते मागच्या मागे आत गेले.

दहाव्याला मी साध्या कपड्यात गोदावरीच्या घाटावर गेलो. पोलीस म्हणून नाही. कशाला गेलो ते मलाही सांगता येणार नाही. नवरा आला होता, बायकोच्या मागे चार हात. बापाने त्याच्याकडे पाठ केली, पण पिंड ठेवला. मग सगळे लांब सरले आणि कावळ्याची वाट बघू लागले.

कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चांगले दोन-तीन बसलेले, पण उतरत नव्हते. बाप पुढे झाला, म्हणाला, तुझ्या पोराला शिकवीन. बहीण म्हणाली, वहिनीला अंतर देणार नाही. आणखी कोणी काय काय कबूल केलं. ऊन चढलं. पाण्यावर उजेड असा पडला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग तो ऑपरेटर उठला. पिंडासमोर जाऊन उभा राहिला. हात जोडले नाहीत. हौदात वाकून बघावं तसा खाली वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "पाव्हनं, दोरी बंद हाय. उतरू नगा."

एवढंच. जावळापासून अडकून राहिलेलं एक वाक्य. सासऱ्याने वळून बघितलं.

इथे कावळा आणायचा मोह मला आजही आवरत नाही. पुढ्यात चहाचा कप आणि समोर चार ऐकणारे असले, की वाटतं, काळाभोर, गरुडाएवढा कावळा सोडावा, त्याने तीन घिरट्या घालाव्यात, पिंड शिवावा आणि घाटावरच्या सगळ्यांनी रडून मोकळं व्हावं. माझ्या बाकीच्या हकिकतींत असे पक्षी मी थव्याने सोडलेले आहेत. पण त्या बाईने मला एक गोष्ट शिकवली. माणूस खरं बोलतोय हे आपल्याला सोयीच्या गोष्टीवरून कळत नाही. त्याने गैरसोयीची गोष्ट गाळली नाही, यावरून कळतं. म्हणून ही एक हकिकत मी कुठलीही खुंटी न फिरवता, जशी आली तशी पुढे पाठवतो.

कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याच्याकडून शिववून घेतलं.